कॅलिफोर्नियात ट्रान्सफर घेताना रेसिडेन्सी आणि फी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सफर म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात, बहुतेकदा दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं; रेसिडेन्सी म्हणजे फीपुरतं राज्याचा रहिवासी (रेसिडेंट) ठरणं. खालची उत्तरं कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांपुरती आहेत. म्हणजे कम्युनिटी कॉलेजं, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (पुढे सीएसयू) आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (पुढे यूसी). स्टॅनफर्ड किंवा यूएससीसारख्या खासगी ठिकाणी राज्यातला आणि राज्याबाहेरचा असा भेद नसतो; तिथे सगळ्यांचेच खिसे सारखे रिकामे होतात.

रेसिडेंट आणि नॉन-रेसिडेंट यांच्या फीत फरक तरी किती पडतो?

२०२५-२६ मध्ये यूसीत नव्याने दाखल होणाऱ्या रेसिडेंट विद्यार्थ्याला ट्यूशन आणि विद्यार्थी सेवा शुल्क मिळून वर्षाला १४,९३४ डॉलर लागतात. बाहेरच्याला तेवढे भरून वर ३७,६०२ डॉलर. ट्रान्सफर घेऊन आलेला विद्यार्थी साधारण दोन वर्षं यूसीत काढतो, म्हणजे फक्त या एका शिक्क्याचे ७५,२०४ डॉलर. राहणं, जेवण, विमा, पुस्तकं यात धरलेलीच नाहीत.

कम्युनिटी कॉलेजात रेसिडेंटला युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर पडतात. डी अँझा, फुटहिल अशा क्वार्टर, म्हणजे छोट्या सत्रांच्या, पद्धतीच्या कॉलेजांत ३१. ट्रान्सफरला लागणारी ६० सेमिस्टर युनिटं रेसिडेंटला २,७६० डॉलरात मिळतात. बाहेरच्याला युनिटमागे जादा आकार पडतो, तो प्रत्येक डिस्ट्रिक्ट स्वतः ठरवतं आणि तो काही शे डॉलर असतो. सीएसयूची २०२५-२६ची ट्यूशन ६,४५० डॉलर आहे. तिथेही बाहेरच्याकडून युनिटच्या हिशेबाने वरचे पैसे घेतात, त्यामुळे जितके विषय जास्त तितकं बिल मोठं.

रेसिडेंट ठरवतात कसं? त्याचं प्रमाणपत्र कुठे मिळतं?

मिळत नाही. आपल्याकडे डोमिसाइलचा दाखला एकदा काढला की इंजिनिअरिंगपासून मेडिकलपर्यंत सगळीकडे चालतो, त्यामुळे पालकांची पहिली अपेक्षा तीच असते. कॅलिफोर्नियात प्रत्येक संस्था स्वतःचा फॉर्म भरून घेते आणि स्वतः निर्णय देते.

निर्णय तीन गोष्टींवर असतो. एक, ठरलेल्या तारखेच्या आधी एक वर्षाहून जास्त, म्हणजे किमान ३६६ दिवस, तुम्ही प्रत्यक्ष कॅलिफोर्नियात राहात असायला हवं. दोन, इथेच कायमचं राहायचा इरादा असायला हवा आणि तो कागदावर दिसायला हवा. तीन, तुमच्या इमिग्रेशन स्टेटसला इथे कायमचं घर करायची कायद्याने मुभा हवी. विद्यार्थी २४ वर्षांखालचा असेल आणि आई-वडील दोघेही कॅलिफोर्नियाबाहेरचे असतील, तर यूसी चौथी गोष्ट विचारते: याचा खर्च कोण करतं? गाडी बहुतेकांची इथेच अडते.

ठरलेली तारीखही तिन्हीकडे वेगळी. कम्युनिटी कॉलेजात सत्र सुरू व्हायच्या आदला दिवस. सीएसयूत फॉल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या, सत्रासाठी २० सप्टेंबर. यूसीत वर्ग सुरू होण्याशी बांधलेली तारीख. विमानाचं तिकीट काढण्याआधी ही तारीख बघा. सप्टेंबरच्या अखेरीस येऊन पुढच्या फॉलला सीएसयूत एक वर्ष भरेल असं वाटणाऱ्यांचे थोडेच दिवस कमी पडतात, पण बिल पूर्ण सत्राचं येतं.

मुलीचा जन्म सॅन होजेचा, पासपोर्ट अमेरिकन. ती चार वर्षांची असताना आम्ही पुण्याला परतलो. आता ती कॉलेजसाठी येतेय. तिला रेसिडेंट फी लागेल ना?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि उत्तर ऐकून पलीकडे बराच वेळ कोणी बोलत नाही. नागरिकत्व देशाचं असतं, रेसिडेन्सी राज्याची. तुमची मुलगी अमेरिकेची नागरिक आहे आणि कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने बाहेरची आहे, नेवाडाहून आलेल्या मुलीइतकीच. ग्रीन कार्डाचंही तसंच: ते असलं म्हणजे रेसिडेंट व्हायची मुभा आहे, आपोआप रेसिडेंट झालात असं नाही.

नागरिक असल्याचा फायदा दुसरीकडे होतो. व्हिसाची अट आड येत नाही, फाफ्सा, म्हणजे आर्थिक मदतीचा अर्ज, भरून अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मागता येते आणि पुढे ज्याचा उल्लेख येईल त्या ए.बी. ५४० कायद्याचा रस्ता उघडा राहतो.

मग तिने आधी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली तर? तेवढ्यात एक वर्ष भरतंच की.

दिवस भरतात, पण तेवढ्याने भागत नाही. बऱ्याच घरांचं गणित असं असतं: पहिलं वर्ष बाहेरच्या दराने, दुसरं रेसिडेंट दराने, आणि मग यूसीत रेसिडेंट म्हणून. पुण्याहून दर महिन्याला पैसे येत असतील तर हे गणित पहिल्याच फॉर्मवर कोलमडतं.

कम्युनिटी कॉलेज आणि सीएसयूकडे फेरवर्गीकरण, म्हणजे नॉन-रेसिडेंटचं रेसिडेंट करून, मागताना आर्थिक स्वावलंबन बघतात. त्याची मोजपट्टी कायद्यातच दिलेली आहे: अर्जाच्या वर्षात आणि त्याआधीच्या तीन कॅलेंडर वर्षांत आई-वडिलांनी तुम्हाला करात अवलंबित दाखवलेलं नसावं, त्यांच्याकडून वर्षाला ७५० डॉलरहून जास्त मदत घेतलेली नसावी आणि त्यांच्या घरी वर्षात सहा आठवड्यांहून जास्त राहिलेलं नसावं. बारावी होऊन नुकत्याच आलेल्या मुलीला हे जमणार कसं? तीन वर्षांपूर्वी ती नववी-दहावीत होती. बाकीचे पुरावेही तोलले जातात, हे खरं. पण या मुद्द्यावर हात रिकामे असताना फार आशा ठेवू नये.

यूसी याहून कडक आहे. फक्त शिकायला आलेला विद्यार्थी कितीही वर्षं राहिला तरी तो शिकायलाच आला असं ती धरते. वडिलांनी भरलेली फी, आईच्या खात्यातून गेलेलं भाडं, आजोबांनी पाठवलेले डॉलर, सगळं त्यांना दिसतं, कारण बँकेची स्टेटमेंटं मागतात. स्वतःच्या पगारावर आणि स्वतःच्या नावच्या कर्जावर जगणारा २४ वर्षांखालचा विद्यार्थी हे सिद्ध करू शकतो. असे असतात, पण तुमच्या घरातली मुलगी त्यातली आहे का, ते तुम्हालाच ठाऊक.

उरतो तो ए.बी. ५४०. २००१ सालच्या या कायद्याने काही विद्यार्थ्यांना रेसिडेंट न ठरवताही बाहेरच्यांचा जादा आकार माफ होतो. लोक समजतात तो फक्त कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी आहे. तसं नाही, नागरिक आणि ग्रीन कार्डवालेही त्यात बसतात. मूळ अट कॅलिफोर्नियाच्या हायस्कुलात तीन वर्षं आणि तिथलाच डिप्लोमा अशी होती. २०१७च्या एस.बी. ६८ या कायद्याने कम्युनिटी कॉलेज आणि अडल्ट स्कूलमधला काळही मोजायला परवानगी दिली, आणि डिप्लोमाऐवजी असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) किंवा यूसी-सीएसयूच्या ट्रान्सफरच्या किमान अटी पूर्ण केलेल्या चालतात. कम्युनिटी कॉलेजातल्या क्रेडिट अभ्यासक्रमांवर आधी दोन वर्षांची मर्यादा होती, ती पुढे एस.बी. ११४१ने काढली.

म्हणजे पुण्याहून आलेल्या नागरिक मुलीने कम्युनिटी कॉलेजात पूर्णवेळ तीन वर्षं काढली आणि ट्रान्सफरच्या अटी पूर्ण केल्या, तर यूसीत जादा आकार माफ होण्याचा हक्क मागता येतो. तीन वर्षं बाहेरच्या दराने भरायची, एक वर्ष उशीर, पण पुढचे ७५,२०४ डॉलर वाचतात. पूर्णवेळ म्हणजे किती युनिटं आणि कोणते कोर्स धरतात, हे पहिल्याच सत्रात काउन्सेलरकडून लेखी घ्या. तिसऱ्या वर्षी विचारून उपयोग नाही.

तिचे काका सनीव्हेलला राहतात, वीस वर्षं झाली. तिला त्यांच्याकडे ठेवली आणि त्यांना पालक नेमलं तर?

आई किंवा वडील हयात असताना अविवाहित अल्पवयीन मुलाची रेसिडेन्सी कायदेशीर पालक नेमून बदलत नाही. शिक्षण संहितेत हे वाक्य जवळपास याच शब्दांत लिहिलेलं आहे. लिहावं लागलं म्हणजे असे काका याआधीही होऊन गेले असणार.

एक अपवाद आहे. प्रवेशाच्या लगेच आधी मूल सलग दोन वर्षांहून कमी नाही इतका काळ आई-वडिलांऐवजी दुसऱ्या मोठ्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली राहिलं असेल आणि ती व्यक्ती कॅलिफोर्नियाची रहिवासी असेल, तर रेसिडेंट दर मागता येतो. म्हणजे अकरावी-बारावी काकांकडे राहून केलेल्या मुलाला याचा विचार करता येईल. बारावीनंतर ऑगस्टमध्ये बॅगा घेऊन उतरलेल्याला नाही.

कम्युनिटी कॉलेजने रेसिडेंट ठरवलंय. यूसीत तेच चालेल?

नाही. यूसी स्वतःचा फॉर्म देते, त्याचं नाव स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स. प्रवेश स्वीकारल्यावर तो भरायचा आणि कॅम्पसवरचा रेसिडेन्स डेप्युटी निर्णय देतो. प्रवेशाच्या अर्जात तुम्ही काय टिक केलं होतं, याला अंतिम निर्णयात अर्थ नसतो. टॅग, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसची ट्रान्सफर हमी, ती प्रवेशाची हमी आहे. फीची नव्हे.

आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगा कुटुंबीयांच्या एच-४वर. ग्रीन कार्ड कधी येईल देव जाणे. तो रेसिडेंट होऊ शकतो का?

होऊ शकतो. एच-१बी, एच-४, एल-१, एल-२ या स्टेटसवर कॅलिफोर्नियात कायमचं घर करायला आडकाठी नाही. पालक आणि मुलगा वर्षभराहून जास्त इथे असतील आणि कागद नीट असतील तर रेसिडेंट दर मिळतो. एफ-१ (विद्यार्थी), जे-१ (एक्सचेंज), बी-२ (पर्यटक) आणि टीएन (कॅनडा-मेक्सिकोचे व्यावसायिक) या स्टेटसवर मात्र मुभा नाही.

मुलगा पुढच्या मार्चमध्ये २१चा होतोय. मग?

हा या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न. भारतीयांच्या ईबी-२ आणि ईबी-३, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांच्या, रांगा इतक्या लांब आहेत की इथेच के.जी.पासून शिकलेली मुलं २१व्या वाढदिवसाला एच-४मधून बाहेर पडतात. बहुतेक जण एफ-१ घेतात. आणि एफ-१ घेतला की रेसिडेन्सीची तिसरी अट गेली. ए.बी. ५४० आहे ना, असं वाटतं, पण तोही मदतीला येत नाही: टी आणि यू (गुन्ह्यांच्या बळींचे व्हिसा) सोडून नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावाल्यांना त्यातून वगळलं आहे. इथल्या हायस्कुलात चार वर्षं, इथलाच डिप्लोमा, आणि तरी वगळलेला. मला हे सरळ सरळ अन्यायाचं वाटतं. पण पुढच्या सत्राची फी भरायला माझ्या मताचा उपयोग नाही.

करता येण्यासारखं एवढंच आहे. मुलाचं वय बाल-दर्जा संरक्षण कायद्याखाली, म्हणजे सीएसपीएखाली, किती धरलं जातं, हे इमिग्रेशन वकिलाकडून २१ व्हायच्या बरंच आधी मोजून घ्या. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, भरता येण्यासारखी स्थिती असेल तर त्या अर्जाची पोच, म्हणजे आय-७९७, रेसिडेन्सीच्या फाइलमधला फार मोलाचा कागद असतो. आणि स्टेटस बदलायचा अर्ज टाकण्याआधी कॅम्पसच्या रेसिडेन्स ऑफिसला ईमेल करून विचारा की वर्गीकरणावर काय परिणाम होईल. उत्तर लेखी हवं. फोनवर काउंटरवरच्या विद्यार्थी-कर्मचाऱ्याने दिलेलं उत्तर पुढे कोणी मानत नाही.

मी एफ-१वर ओहायोत शिकतोय, मुंबईचा आहे. कॅलिफोर्नियात ट्रान्सफर घेऊन वर्षभराने रेसिडेंट होईन का?

नाही. एफ-१वर कितीही वर्षं राहिलात तरी नाही. तुमच्यासाठी कम्युनिटी कॉलेजचा रस्ता वेगळ्या कारणाने कामाचा आहे: बाहेरच्या दरानेही तिथली दोन वर्षं यूसीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात, आणि यूसी ट्रान्सफरमध्ये कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देते, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरून.

आठ महिन्यांपूर्वी ऑस्टिनहून फ्रीमाँटला आलो. मुलीने टेक्सासमध्ये एक वर्ष केलं, आता तिला इथे घ्यायचंय.

फॉलला तुमचे ३६६ दिवस भरत नसतील तर ती पहिलं सत्र बाहेरच्या दराने भरेल. कम्युनिटी कॉलेजात त्या सत्रात कमी युनिटं घेऊन स्प्रिंगला फेरवर्गीकरणाचा अर्ज टाकणं हा शहाणपणाचा मार्ग. अर्ज टाकावा लागतो; ३६६वा दिवस उजाडला म्हणून कॉम्प्युटर स्वतःहून दर बदलत नाही.

दिवस मोजायला सुरुवात कुठून करता, हे कागदावर ठरतं. नवीन रहिवाशाने १० दिवसांत कॅलिफोर्नियाचं लायसन्स आणि २० दिवसांत गाडीची नोंदणी करायची असते. आपण काय करतो? टेक्सासचं लायसन्स अजून तीन वर्षं चालतंय म्हणून ठेवतो, टोलटॅग तसाच, गाडीचा विमा जुन्याच पत्त्यावर कारण तो स्वस्त. त्यातला एकेक कागद पुढे तुमच्याविरुद्ध बोलतो.

आम्ही कायम कुपर्टिनोत. मुलगा दोन वर्षं इंडियानात शिकला, आता परत यायचंय म्हणतो.

आधी त्याला जेवायला घाला. शिक्षणासाठी तात्पुरतं बाहेर गेल्याने रेसिडेन्सी जात नाही, जोवर त्याने तिथलं लायसन्स काढलं नाही, तिथे मतदान केलं नाही आणि तिथली रेसिडेंट फी मागितली नाही. त्यातलं काही केलं असेल तरी एक आधार आहे: पालक वर्षभराहून जास्त काळ कॅलिफोर्नियाचे रहिवासी आहेत आणि मूल त्यांच्यावर अवलंबून आहे, तर त्याचं स्वतःचं वर्ष भरेपर्यंत रेसिडेंट दर देण्याची तरतूद कायद्यात आहे.

उलट झालं तर? मुलगी डी अँझात, आणि आमची बदली सिअॅटलला.

ती १८ची झाली असेल, इथेच राहिली असेल आणि तिचे सगळे कागद कॅलिफोर्नियाचे असतील तर ती स्वतःच्या बळावर रेसिडेंट आहे. पण यूसीत नवीन अर्ज होईल तेव्हा २४ वर्षांखालची आणि दोन्ही पालक बाहेरचे, म्हणून पैशाचा प्रश्न उभा राहील. तिने हायस्कूल इथेच केलं असेल आणि ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर ए.बी. ५४०चा फॉर्म भरून मोकळी व्हा.

कोणते कागद जमवायचे?

पालक आणि मूल दोघांचे: लायसन्स, नागरिक असाल तर मतदार नोंदणी, गाडीची नोंदणी, घरभाड्याचा करार, पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, कॅलिफोर्नियाचं ५४० क्रमांकाचं कर विवरण. ५४०एनआर नव्हे, एनआर हे नॉन-रेसिडेंट आणि अर्धवर्ष रहिवाशांचं विवरण, आणि ते बघितलं की अधिकारी वर बघतो. कागदावरची तारीख कागदाइतकीच महत्त्वाची. गेल्या महिन्यात घाईघाईने काढलेलं लायसन्स हे गेल्या महिन्याचाच पुरावा आहे.

भाडेकरारावर एक सूचना. चौघं मिळून अपार्टमेंट घेतात, करार एकाच्या नावाने असतो आणि बाकीचे त्याला झेल या पैसे पाठवायच्या सेवेने पैसे पाठवतात. त्या तिघांकडे राहिल्याचा धड पुरावा नसतो. मॅनेजमेंट ऑफिसला सांगून सगळ्यांची नावं करारावर घाला. एक-दोन मिनिटांची सही असते.

सुट्टीत भारतात गेलं तर वर्ष मोडतं का?

लग्नाला तीन आठवडे जाऊन आल्याने मोडत नाही. पण यूसीचा फॉर्म राज्याबाहेर घालवलेला काळ तारखांसकट विचारतो, आणि पालक पुण्यात, मुलगी मेपासून ऑगस्टपर्यंत पुण्यात, असं दोन वर्षं चाललं की तिचं कायमचं घर कुठे आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात इथेच राहून नोकरी केली तर पे-स्टबही हाताशी येतात. तारखा खऱ्याच लिहा. पासपोर्टवर शिक्के असतात, आणि खोटी माहिती निघाली तर मागची फीसुद्धा वसूल करतात.

नॉन-रेसिडेंट ठरवलं. आता काय?

पत्रात अपिलाची मुदत दिलेली असते, ती पहिल्यांदा कॅलेंडरवर टाका. अपिलात ‘आम्हाला परवडत नाही’ हे कारण चालत नाही. नियम चुकीचा लावला किंवा महत्त्वाचा पुरावा राहून गेला, एवढंच चालतं. अपील पडून असताना फीची मुदत थांबेल असं गृहीत धरू नका. हप्त्यांची सोय बहुतेक कॅम्पसवर असते, ती आधीच घेऊन ठेवा. आणि पुढच्या सत्रासाठी परिस्थिती बदलली असेल तर नवा फेरवर्गीकरणाचा अर्ज वेगळा टाकता येतो; त्यालाही मुदत असते, आणि ती सत्र सुरू व्हायच्या सुमारास संपते.

कॅलिफोर्निया सोडून शेजारच्या राज्यात ट्रान्सफर घ्यायचा असेल तर सवलत आहे का?

वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज नावाची योजना आहे. पश्चिमेकडच्या राज्यांतल्या भाग घेणाऱ्या कॉलेजांत तुम्हाला त्या राज्याच्या रेसिडेंट दराच्या जास्तीत जास्त दीडपट ट्यूशन पडते. कॅलिफोर्नियाचा रेसिडेंट विद्यार्थी त्यात बसतो. काही कॉलेजं ती ट्रान्सफरला देतात, काही फक्त पहिल्या वर्षाला, आणि काही ठिकाणी जागा संपल्या की संपल्या. अर्ज करण्याआधी त्या कॉलेजच्या प्रवेश विभागाला ‘ट्रान्सफर’ हा शब्द घालूनच विचारा.